लिंबाच्या वयाचा दाखला

उदयसिंह खराडे यांना सासरी 'वाळूवालं पावणं' म्हणत, आणि गेली अठरा वर्षं म्हणत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते केमिस्ट होते. साच्याच्या वाळूत ओल किती आणि माती किती, हे दिवसातून तीनदा मोजून वहीत लिहायचं, आणि ओतीव माल नापास झाला की पहिल्या शिव्या आपण खायच्या, असं त्यांच्या शास्त्रीय कार्याचं स्वरूप होतं. बी.एस्सी. झालेल्या माणसानं वाळू मोजून पगार घ्यावा, हे पेठ वडगावच्या त्यांच्या सासरवाडीला कधी पचलं नाही. वडगावात वाळू ट्रॉलीनं मोजतात आणि त्यासाठी कुणाला कॉलेजात जावं लागत नाही.

नुसतं नाव ठेवण्यावर भागलं असतं तर उदयसिंहांनी सोसलं असतं. पण अठरा वर्षांत त्या घरात सात लग्नं झाली. सातही लग्नांत मानाच्या पाहुण्यांना केशरी फेटे बांधले गेले. एका लग्नात तर वऱ्हाडाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरलाही बांधला, कारण त्यानं घाटात ब्रेक लागत नसताना वऱ्हाड सुखरूप आणलं होतं. उदयसिंहांना मात्र सातही वेळा टॉवेल-टोपी मिळाली. घरात सात टोप्या साठल्या होत्या. त्यातली एकही त्यांनी कधी घातली नाही, आणि एकही फेकून दिली नाही. असा अपमान जपून ठेवायचा असतो, हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, तरी त्यांना जमत होतं.

२००२ सालच्या दसऱ्याला उदयसिंह आणि त्यांची बायको क्रांती सोनं द्यायला वडगावला गेले, तेव्हा मेव्हणे बाळासो अंगणात लिंबांच्या ढिगाशेजारी बसले होते. बाळासोंची दोन एकर लिंबाची बाग होती. पावसाळा सरता सरता लिंबाला कुणी विचारत नाही आणि उन्हाळ्यात लिंबू बघायला मिळत नाही, हे बागवाल्याचं जुनं दुखणं. ढिगाच्या तळातली लिंबं नासायला लागली होती. बाळासो एकेक उचलून वास घेत होते आणि उकिरड्याकडं भिरकावत होते.

माणसानं अशा वेळी आपट्याची पानं द्यावीत, पुरणपोळी खावी आणि गप घरी यावं. पण उदयसिंहांनी गेल्याच आठवड्यात केस कापायच्या दुकानात एक शेतकी मासिक वाचलं होतं. त्यात 'लिंबूवर्गीय फळे काढणीनंतर ताजी ठेवण्याचे नैसर्गिक उपाय' असा लेख होता. लेखाचं पुढचं पान कुणीतरी वस्तरा पुसायला फाडून नेलं होतं. त्यामुळं उपाय कोणता हे कळायचं राहिलं होतं, पण उपाय आहे एवढं पक्कं कळलं होतं. अर्धं ज्ञान माणसाला गप्प बसू देत नाही, आणि उदयसिंहांना तर पूर्ण ज्ञानानंही कधी गप्प बसू दिलं नव्हतं.

"बाळासो, हे फेकण्याचं कारण नाही," ते म्हणाले. "लिंबू साठ दिवस ताजं राहू शकतं. नैसर्गिक उपाय आहे."

"कंचा?" बाळासोंनी विचारलं.

"तो शास्त्राचा भाग आहे."

"वाळूत पुरायची काय दाजी?" बाळासो म्हणाले, आणि अंगणातल्या दहाएक माणसांचा दसऱ्याचा दिवस हसण्यात कारणी लागला.

उदयसिंहांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "साठ दिवसांनी ताजी लिंबं दाखवली तर काय कराल, ते बोला."

बाळासोंनी हातातलं लिंबू ढिगावर ठेवलं. "डिसेंबरात कोल्हापुरात शेतकी प्रदर्शन हाय. तिथं मांडा. नंबर घ्या. तिथंच दहा माणसांत मी माज्या हातानं फेटा बांधतो तुमास्नी. आन न्हाय जमलं, तर त्याच दहा माणसांत म्हणायचं, मला वाळूतलंच कळतंय. कबूल?"

"कबूल," उदयसिंह म्हणाले. क्रांतीनं कपाळाला हात लावला नाही, कारण तिच्या दोन्ही हातांत पुरणपोळीची ताटं होती.

बाळासोंनी स्वतः बागेत जाऊन तीनशे लिंबं काढून दिली. त्यांची काढायची रीत निराळी होती. बाकीचे बागवाले लिंबू पिरगाळून तोडतात. बाळासो कात्रीनं, तिरकं, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून काढत. "देठ निघाला की लिंबाचं दार उगडं पडतंय," एवढं ते पोतं बांधताना म्हणाले. हे वाक्य त्या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य होतं. उदयसिंहांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

कळंब्याच्या सुखनिवास कॉलनीत तीनशे लिंबं स्कूटरवरून उतरली, तेव्हाच अर्ध्या कॉलनीला कळलं होतं की खराड्यांकडं काहीतरी आहे. उरलेल्या अर्ध्या कॉलनीला शेजारच्या धोंडुबाईंनी कळवलं. धोंडुबाई सत्तरीच्या. कुठल्याही घरात काहीही चाललेलं असो, आपल्या सासूनं ते पूर्वी करून ठेवलंय असं त्यांचं ठाम मत.

"राखंत घाल रं उदय," त्या उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. "आमची आत्ती राखंत घालायची. वरीसभर टिकायची लिंबं."

"चवीला कशी लागायची?"

"खातंय कोण? टिकायची म्हन्ते मी."

पलीकडच्या गल्लीतले केरबा मुकादम, नगरपालिकेतून निवृत्त, कोरफडीचा चीक लावा म्हणाले आणि कोरफडीची कुंडीच आणून ठेवून गेले. पुढं दोन महिने ते लिंबांची नव्हे, कुंडीची चौकशी करत होते. कॉलनीच्या वाचनालयातून कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्याचं पुस्तक आलं. फौंड्रीतून उदयसिंहांनी स्वतः दोन डबे सुकी वाळू आणली, तिच्यातली ओल यंत्रावर मोजून आणली आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली. त्या फौंड्रीत इतक्या काळजीनं वाळू आजवर कुठल्या पंपाच्या साच्यालाही मिळाली नव्हती.

"फ्रिजमध्ये ठेवा की सरळ," क्रांती म्हणाली. ती हायस्कुलात भूगोल शिकवायची आणि सरळ बोलायची.

"फ्रिज नैसर्गिक नाही."

"मग तुम्ही रोज त्यातलं पाणी पिता ते?"

उदयसिंह वाळूच्या डब्यावरची चिठ्ठी नीट चिकटवू लागले. शास्त्रज्ञाला घरातून विरोध होतोच, असं त्यांनी वाचलं होतं.

लिंबांचे पाच गट पाडले. राख, वाळू, कोरफड, कडुलिंब, आणि पाचवा गट काहीही न लावलेला, तुलनेसाठी. स्वयंपाकघरातली चार मोठी पातेली कामाला लागली आणि क्रांती कुकरच्या डब्यात आमटी करू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केसांना खोबरेल लावून, विंचरून स्वयंपाकघरात आली. ओट्यावर वाळूच्या डब्यात न मावलेली साठएक लिंबं पसरली होती. चहाला जागा हवी म्हणून तिनं ती तेलकट हातानंच गोळा करून एका परातीत सारली. उदयसिंह अंघोळीहून आले, त्यांनी एक लिंबू उचललं, वास घेतला आणि खाली बसले.

"प्रयोग दूषित झाला," ते म्हणाले.

"साठ लिंबांनी काय होतंय?"

"शास्त्रात असं चालत नाही क्रांती." त्यांनी परातीवर 'दूषित' अशी चिठ्ठी लावली आणि परात पलंगाखाली सरकवली. रागाच्या भरात आपण शोध पलंगाखाली ढकलतोय, हे कळायला त्यांना पंधरा दिवस लागणार होते.

त्याच दिवशी प्रदर्शनाचा फॉर्म आणला. फॉर्म तीन पानी होता आणि अट क्रमांक नऊ अशी होती: 'टिकवण विभागातील नमुन्यांच्या काढणीच्या तारखेबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडणे आवश्यक.'

अट चुकीची नव्हती. साठ दिवस टिकवलेलं लिंबू आणि आज सकाळी मंडईत घेतलेलं लिंबू शेजारी ठेवलं आणि दोन्ही सारखीच दिसली, तरच प्रयोग यशस्वी. म्हणजे प्रयोग जितका यशस्वी, तितका तो खोटा दिसणार. जगातल्या बाकी सगळ्या कामांत माणूस यश मिळालं की दाखवतो. इथं यश मिळालं की ते दिसणारच नव्हतं. उदयसिंहांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि लिंबाच्या वयाचा दाखला काढायला बाहेर पडले.

पहिल्या कचेरीतल्या तलाठ्यानं लिंबू हातात घेऊन बघितलं. "सातबाऱ्यावर बाग लागती. बागंतनं भाईर पडलं की लिंबू आमचं न्हाय."

"मग कुणाचं?"

"ते लिंबाला म्हाईत," तलाठी म्हणाला आणि ते खिशात टाकून पुढच्या माणसाकडं वळला.

दुसऱ्या कचेरीत शेतीचे साहेब होते. ते सज्जन होते. सज्जन साहेबाकडं काम अडलं की ते कायमचं अडतं, कारण त्याला चिडून काही बोलता येत नाही.

"काढणी माझ्यासमोर झाली पाहिजे," साहेब म्हणाले.

"झाली आहे ना साहेब. परवाच."

"माझ्यासमोर?"

"तुम्ही नव्हता."

"मग मला कसं माहीत, झाली ते?" साहेबांनी मनापासून विचारलं. "असं करा, पुन्हा काढा. मी येतो. दिवाळी झाली की येतो."

दिवाळीनंतर काढली असती तर प्रदर्शनापर्यंत साठ दिवस भरले नसते, आणि बाळासोंनी राहिलेली बाग दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. शेवटी उदयसिंह एका नोटरीकडं गेले. नोटरी प्रतिज्ञापत्र करायला तयार होता, पण त्याची एकच शंका होती: जन्मतारीख फूल धरल्याची घालायची की फळ तोडल्याची. उदयसिंह चपला घालून बाहेर आले.

संध्याकाळी ते कट्ट्यावर तोंड पाडून बसले असताना शेजारचे प्रसेनजीत कांबळे ड्युटी करून आले. कांबळे एका छोट्या पोस्टात सबपोस्टमास्तर होते. नियमाच्या बाहेर त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि नियमाच्या आत त्यांच्याइतकं कुणी फिरलं नव्हतं. त्यांच्याकडं बघताच उदयसिंहांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कांबळे, तुमच्याकडं तारखेचा शिक्का आहे."

"आहे. सरकारचा आहे."

"तो लिंबावर मारा."

कांबळ्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता. हे विचारात पडले. "शिक्का टपालावर मारतात. लिंबू टपाल नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "तिकीट लावलं आणि पत्ता घातला तर होईल. पण मग ते पोचवावं लागंल."

"कुणाला?"

"ज्याच्या नावाचं असंल त्याला. तिकीट लावलेलं टपाल मला तुमच्या हातात असं परत देता येत न्हाई खराडे. ते वाटपालाच जायला पायजे."

तर अठरा ऑक्टोबर रोजी सकाळी उदयसिंह खराडे यांनी वीस निवडक लिंबांवर वीस तिकिटं चिकटवली, बॉलपेननं बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला आणि ती टपालात टाकली. पेटीच्या फटीतून लिंबू जात नाही, म्हणून काउंटरवर दिली. कांबळ्यांनी शिक्का उचलला. पंचवीस वर्षं त्यांचा हात एकाच मापानं पडत होता. पहिलं लिंबू फुटलं.

"जरा हळू मारा की," उदयसिंह म्हणाले.

"हळू मारलं तर तारीख उठत न्हाई. अस्पष्ट शिक्का चालत न्हाई, वरून मेमो येतो."

तीन लिंबं शहीद झाल्यावर हाताला माप सापडलं. सतरा लिंबांवर काळीभोर, गोल, सरकारी तारीख उठली. उदयसिंहांना इतका आनंद दहावीच्या निकालाला झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाकांनी सतरा लिंबं आणून दिली आणि विचारलं, "सायेब, कुणी धाडली?" पत्ता बघून, "तुमीच?" असंही विचारलं. त्या दिवसापासून ते दारात सायकलवरून खाली उतरेनासे झाले. टपाल लांबूनच टाकायचे.

यापुढचे पंधरा दिवस नासण्याचे होते. राखेतली लिंबं सुकून गोट्यांसारखी टणक झाली. धोंडुबाई म्हणाल्या होत्या त्यात खोटं काही नव्हतं, ती खरोखरच वरीसभर टिकली असती, कारण त्यात नासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोरफडीच्या लिंबांना कॉलनीतल्या तमाम मुंग्या लागल्या. कडुलिंबाची काळी पडली आणि त्यांचं सरबत केरबांनी चवीला म्हणून घेतलं, त्यानंतर चार दिवस ते कुंडीसुद्धा मागायला आले नाहीत. वाळूतली बरी होती, पण चिरली की दाताखाली फौंड्री यायची. तुलनेचा गट मात्र नासण्याआधीच संपला. "तेवढीच काय न लावलेली हुती, सोच्छ," म्हणून धोंडुबाईंनी ती लोणच्याला नेली होती आणि लोणचं घालून बरणीभर परतही आणून दिलं होतं. लोणचं फार चांगलं झालं होतं.

पंधराव्या दिवशी क्रांती झाडू मारताना पलंगाखालून परात बाहेर आली. साठ लिंबं. पिवळीधमक, टवटवीत, देठासकट. उदयसिंहांनी एक उचललं. सालीला खोबरेलाचा पुसटसा वास होता.

त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग त्यांनी बायकोकडं संशयानं बघितलं. "मंडईतनं आणून ठेवलीस काय, मला बरं वाटावं म्हणून?"

क्रांतीनं झाडू भिंतीला टेकवला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी मंडईत जाईन?"

संसाराची अठरा वर्षं साक्षीला होती. ती जाणार नव्हती. उदयसिंहांनी 'दूषित' चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: 'प्रयोग क्र. ६: खोबरेल (संशोधक: उ. खराडे)'. पुढचे दोन आठवडे ते मंडईतल्या दुसऱ्या लिंबांना वेगवेगळ्या मापानं तेल लावून बघत होते. एका लिंबाला दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं. त्याहून कमी लावलं तर साल सुकते, जास्त लावलं तर लिंबू आतून गुदमरतं आणि वास मारतं. हे त्यांनी वहीत लिहिलं. शिक्क्याच्या सतरा लिंबांनाही दोन-दोन थेंब लावले आणि ती सगळ्यांत उंच फळीवर ठेवली, कारण कायद्यानं वय असलेली तेवढीच होती.

डिसेंबर उजाडला आणि फळीवरून वास यायला लागला.

त्यांनी स्टूल घेऊन बघितलं. सतराच्या सतरा लिंबांना बुरशी धरली होती, आणि ती नेमकी शिक्क्यापासून सुरू झाली होती. जिथं जिथं कांबळ्यांचा हात पडला होता तिथं साल आतून ठेचली गेली होती. गोल शिक्क्याभोवती गोल हिरवी बुरशी, मधोमध १८ ऑक्टोबर २००२, अगदी स्पष्ट. वरून मेमो येण्याची काही भीती नव्हती. परातीतली साठ लिंबं मात्र कालच तोडल्यासारखी होती. आता उदयसिंहांकडं साठ दिवसांचा दाखला असलेली नासकी लिंबं होती, आणि ताजी लिंबं होती ती दाखल्याशिवाय.

प्रदर्शनात त्यांनी दोन्ही ताटल्या मांडल्या. क्रांती बरोबर होती, आणि कांबळे सुट्टी काढून साक्षीला आले होते. बाळासो दहा माणसं घेऊन आले होते, शब्दाला जागून. त्यांच्या काखेत एक कागदी पुडकं होतं. ते काय असेल याचा विचार करायला उदयसिंहांना त्या वेळी सवड नव्हती.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी दोन्ही ताटल्या वाकून बघितल्या. "ही ताजी लिंबं कधीची?"

"दसऱ्याची."

"दाखला?"

"दाखला ह्यांच्यावर आहे," उदयसिंहांनी नासकी ताटली पुढं केली.

"पण ही तर नासलीत."

"दाखल्यामुळं नासली सर."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे कागदोपत्री, तुमची साठ दिवसांची लिंबं शंभर टक्के नासली. आणि नासली नाहीत ती साठ दिवसांची आहेत याला पुरावा नाही." ते कांबळ्यांकडं वळले. "तुम्ही काय सांगू शकता?"

"तारीख माझी आहे," कांबळे म्हणाले. "लिंबाची हमी पोस्ट घेत नाही." उदयसिंहांनी त्यांच्याकडं बघितलं तशी मान खाली घालून ते पुढं म्हणाले, "माणूस खोटं बोलणारा न्हाई, एवढं मी खाजगीत सांगू शकतो." खाजगीतलं मत लिहायला रकाना नव्हता.

तेव्हा बाळासो पुढं झाले. त्यांनी ताज्या ताटलीतलं एक लिंबू उचललं. तळहातावर फिरवलं, नाकाशी नेलं. मग अंगठ्यानं देठ चाचपला. बोटाच्या पेराएवढा, तिरका कापलेला देठ. उदयसिंह त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अठरा वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडाकडं इतक्या आशेनं बघितलं नव्हतं. बाळासोंच्या भुवया क्षणभर वर गेल्या. मग त्यांनी मागं उभ्या असलेल्या दहा माणसांकडं बघितलं.

"बाजारातलं हाय," ते म्हणाले आणि लिंबू ताटलीत ठेवलं.

दहा माणसं हसली. उदयसिंहांनी नासकी ताटली मागं सारली. शब्द दिला होता, पाळला पाहिजे. "मला वाळूतलंच कळतंय," असं ते बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाले, पण माईकवरून त्याच वेळी कुणाच्यातरी म्हशीचा नंबर जाहीर झाला आणि ते क्रांतीशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. क्रांतीनं एवढ्या माणसांत त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. संध्याकाळी त्यांना 'टाकाऊपासून टिकाऊ' या विभागात उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते घेतलं नसतं तर नाराज झाले असं म्हटलं गेलं असतं, म्हणून घेतलं.

उरलेली लिंबं त्यांनी कॉलनीत वाटून टाकली आणि महिनाभर वडगावचं नाव काढलं नाही. जानेवारीत सासूबाईंचा, म्हणजे आक्कांचा, निरोप आला. मटण केलंय, दोघं या. उदयसिंह जायला तयार नव्हते. पण आक्कांच्या हातचा तांबडा रस्सा आणि स्वाभिमान यांच्यात जो निवाडा व्हायचा तो झाला, आणि ते गेले.

ताटं वाढली. बाळासो समोर बसले होते आणि ताटातून मान वर करत नव्हते. उदयसिंहांनी लिंबाची फोड उचलून रश्श्यावर पिळली, आणि हात हवेतच राहिला. त्यांनी फोड नाकाशी नेली. खोबरेल.

"लिंबू कुठलं?" त्यांनी विचारलं.

"बाजारातलं," बाळासो ताटात बघत म्हणाले.

"व्हय, बाजारातलं," आक्का वाढता वाढता म्हणाल्या. "मागल्या खोलीत बाजार भरलाय त्येचा. महिना झाला, घरातलं तेल पुरंना. माज्या डोस्क्याला थेंब न्हाय."

उदयसिंह ताटावरून उठले. जेवताना ताटावरून ते आयुष्यात पहिल्यांदा उठले. मागच्या खोलीचं दार लोटलं. खोलीभर नव्या बहाराची लिंबं होती. आढ्याखाली बांबूच्या फळ्यांवर, जमिनीवर चटयांवर, सगळी देठासकट, सगळी तेल लावून चकचकीत. आणि सगळ्या ढिगावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांबलचक कापड घट्ट पांघरून बाजूंनी खोचलं होतं. केशरी, कडेला जर. कोरं करकरीत फेट्याचं कापड.

बाळासो उष्ट्या हातानं मागं येऊन उभे राहिले होते. त्यांच्यामागं आक्का, आक्कांच्या मागं क्रांती.

"परदर्शनाच्या आदल्या दिशी आणलंतं," बाळासो म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "वास घेतला तवाच वळखलं मी. देठ माजा हुता. पर दहा माणसं घिऊन आलतो दाजी. दहा माणसांत मागं फिरायला व्हईना."

उदयसिंहांना राग यायला हवा होता. महिनाभर त्यांनी या माणसाला काय काय बोलायचं ते झोपेतसुद्धा पाठ केलं होतं. पण त्यांनी कापडाच्या कडेखाली हात घातला, एक लिंबू चाचपलं, आणि त्यांच्यातला केमिस्ट जागा झाला.

"हे कापड काढा आधी," ते म्हणाले. "आत घाम धरलाय. वारं लागलं पाहिजे त्यांना. आठ दिवसांत बुरशी येईल."

बाळासोंनी का, कसं काही विचारलं नाही. अठरा वर्षांत दाजींचं त्यांनी पहिल्यांदाच मुकाट ऐकलं. भराभर खोचलेल्या कडा सोडल्या, कापड ओढून गोळा केलं आणि छातीशी धरून उभे राहिले. खाली ठेवावं तर सगळीकडं लिंबं होती.

बाळासो कापडाकडं बघत होते. उदयसिंह लिंबांकडं.

"हातात धरून काय उभारलाईस?" आक्का म्हणाल्या. "बांध की."

उदयसिंह बाजूच्या पोत्यावर बसले. बाळासोंनी हात धोतराला पुसले आणि पहिला पेच घातला. फेटा दहा माणसांत बांधायचा ठरला होता. इथं बघायला दोन बायका होत्या आणि सहा हजार लिंबं. उदयसिंहांना तेवढी गर्दी पुरली. त्यांचे डोळे भरून आले होते. खोबरेलाचा वास डोळ्यांना झोंबतो असं त्यांनी नंतर क्रांतीला सांगितलं, आणि भूगोलाच्या बाईनं ते तपासून बघितलं नाही.

शेवटचा पेच खोचताना बाळासो कानाशी वाकले. "दाजी, एका लिंबाला थेंब किती?"

"दोन."

बाळासोंचे हात थांबले. त्यांनी सहा हजार लिंबांवरून नजर फिरवली. "मी चार लावल्यात."

"म्हणूनच रश्श्याला वास येतोय," उदयसिंह म्हणाले. त्यांनी फेटा जरा कपाळावर ओढला, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "फडकी आणा. सगळी पुसायला लागतील."